धुळ्याशी भांडणाऱ्या अक्का

आमच्या टेलिफोनच्या ट्रंक एक्स्चेंजमधल्या अक्का अकरा वर्षं एका माणसाशी भांडल्या आणि त्याचं नाव त्यांनी एकदाही विचारलं नाही. तो धुळ्याच्या बोर्डावर बसायचा, म्हणून तो ‘धुळे’. अक्का जळगावच्या बोर्डावर, म्हणून त्या ‘जळगाव’. दोघांनी एकमेकांना पाहिलेलं नव्हतं. मधे पारोळा, एरंडोल आणि एस्टीचे चांगले तीन तास.

ज्यांनी ट्रंक कॉल लावला नाही त्यांच्यासाठी सांगते. परगावी बोलायचं तर आधी एक्स्चेंजला नंबर नोंदवायचा. आम्ही तो एका छोट्या कागदावर लिहायचो, त्याला तिकीट म्हणायचे. मग त्या गावच्या ऑपरेटरला लाइनवर घेऊन नंबर मागायचा. त्यामुळे धुळे, भुसावळ, नाशिक, मुंबई इथले आवाज आम्हांला घरच्या माणसांसारखे ओळखू यायचे. चेहरा मात्र एकाचाही माहीत नाही. दुपारी दोन ते चार व्यापारी जेवून आडवे व्हायचे, केळीवाल्यांचे दिल्लीचे कॉल आटोपलेले असायचे, लाइन मोकळी. मी लोकरीचं विणकाम काढायचे. अक्का धुळ्याला काढायच्या.

“धुळे, जळगाव बोलतंय. काल अर्धा राहिला.”

सुरुवात अशी. नमस्कार नाही, जेवण झालं का नाही. काल संप बरोबर की चूक यावर गाडी अडली असेल तर तिथूनच पुढे.

अक्का एरंडोलकडच्या. बारीक, उंच, नऊवारी सोडून पाचवारी नेसायला लागलेल्या पहिल्या पिढीतल्या. नवरा लवकर गेला होता, मूलबाळ नव्हतं. हेडसेट पदरावरून घालायच्या, त्यामुळे त्यांच्या पदराला दोन्ही कानांवर कायमच्या सुरकुत्या. ग्राहकाशी स्वच्छ पुस्तकी मराठी बोलायच्या. वाद तापला की मात्र खाली खानदेशात उतरायच्या. “मी काय सांगस ते ऐक ना भाऊ! तुनं बठ्ठं उलटं शे!” म्हणजे तुझं सगळंच उलटं आहे. पलीकडून तो काय म्हणायचा ते मला क्वचितच ऐकू यायचं. कधी हेडसेट कानाला लावू द्यायच्या. एकदा तो म्हणत होता, “जळगाव, तुमच्याकडे सोनं पिकतं. आमच्याकडे मुद्दे पिकतात.”

“पिकतस खरा,” अक्का म्हणाल्या, “पन सडका निंघतस.”

कधी मधेच नाशिक घुसायचं. “तुमचं देशाचं आटपलं असेल तर मला भुसावळ मिळेल का?”

भुसावळ देऊन अक्का परत धुळ्यावर.

नाव का विचारत नाही, असं मी एकदा विचारलं. मला तो सगळाच प्रकार बावळटपणाचा वाटायचा. त्या म्हणाल्या, “नाव कळलं की जात कळते. जात कळली की गल्ली कळते. मग मी त्याच्या गल्लीशी भांडेन. आत्ता मी फक्त तो जे बोलतो त्याच्याशी भांडते.” माझा मुलगा हल्ली कम्प्युटरवर अनोळखी लोकांशी तासंतास वाद घालतो. तिथेही कुणाला कुणाचं खरं नाव माहीत नसतं, आणि त्याचा उपयोग सगळे शिव्या द्यायला करतात. त्याला मी अक्कांचं सांगितलं. तो म्हणाला, “ग्रेट,” आणि परत टाइप करायला लागला.

अक्कांची दुसरी एक खोड होती. वादात एखादा मुद्दा हरल्या की तिथल्या तिथे म्हणायच्या, “हा मुद्दा तुमचा.” एरवी त्याला अरे-तुरे करायच्या, हे वाक्य मात्र अहो-जाहोतच. मग एखादं वाया गेलेलं तिकीट घेऊन त्याच्या पाठीवर तो मुद्दा लिहायच्या आणि बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात टाकायच्या. डब्यात फक्त हरलेले मुद्दे. जिंकलेले का ठेवत नाही म्हटलं तर, “ते तर माझेच होते. ठेवायचं ते बाहेरून आलेलं.”

एक हरलेला मुद्दा मला पक्का आठवतो. केळीच्या एका व्यापाऱ्यानं दिवाळीला केळीचा अख्खा घड एक्स्चेंजवर पाठवला. अर्थ उघड होता, दिल्लीचा कॉल रांगेत पुढे घ्या. अक्कांनी घड बाहेर कॉलची वाट बघत बसणाऱ्या लोकांच्या बाकड्यावर ठेवून दिला आणि व्यापाऱ्याचं तिकीट होतं तिथेच, सतराव्या नंबरावर. दुपारी, मलाही ऐकू येईल असा हेडसेट कलता धरून, हे धुळ्याला मोठ्या तोऱ्यात सांगितलं. त्यानं विचारलं, “खाल्लं का नाही एखादं?”

“लाचेचं केळं मी कसाले खाऊ?”

“मलाही पाठवतात. मी खातो. सालं खिडकीबाहेर टाकतो आणि त्याचा नंबर सतरावा तर सतरावाच ठेवतो. तुम्हांला भीती वाटते की केळं खाल्लं तर नंबर पुढे घ्याल. मला ती वाटत नाही. मग खरा कोण?”

अक्कांनी लाइन सोडली. दोन दिवस धुळ्याला काढलं नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, “हा मुद्दा तुमचा.” आणि त्या हिवाळ्यात कुणी आमच्या जळगावातल्या मेहरूणची बोरं आणून दिली तर माझ्याआधी स्वतः मूठ भरून घ्यायला लागल्या.

संपावर मात्र दोघांचं कधी जमलं नाही. अक्का म्हणायच्या, आम्ही संपावर गेलो तर मेल्याची खबर कोण पोचवणार? धुळे म्हणायचं, तुम्ही गेला नाहीत तर रोजंदारीवाल्याची खबर कोण घेणार? शेवटी संप झाला तेव्हा अक्का संपात उतरल्या आणि दिवसभर एक्स्चेंजच्या पायरीवर वही घेऊन बसल्या. ज्यांच्या घरी मयत होतं त्यांचे निरोप लिहून घेऊन, जी एस्टी निघेल तिच्या कंडक्टरच्या हातात देत होत्या. आमच्या युनियनचा सेक्रेटरी ओरडला, “अक्का, हा संप आहे की पोस्ट हापिस?” त्या म्हणाल्या, “टेलिफोन बंद ठेवायचा ठरला होता, तोंड बंद ठेवायचं नव्हतं ठरलं.”

आता जुबेदाबीचं सांगते. ते टाळून अक्कांविषयी लिहिता येणार नाही, आणि खरं म्हणजे त्यासाठीच लिहायला बसले आहे.

जुबेदाबी मेहरूणहून यायची. माठ भरायची, झाडायची, आमच्या बोर्डावरच्या लाइन जोडायच्या दोऱ्या कोरड्या फडक्यानं पुसायची. रोजंदारीवर. सलग दिवस भरले तर ती कायम नोकरीवर हक्क सांगेल, म्हणून दर काही महिन्यांनी आमचे सुपरवायझर हजेरीतून तिचं नाव पंधरा दिवस काढायचे. माठ मात्र रोज भरायला हवेत. मग त्या पंधरा दिवसांत हजेरीवर तिच्या सासूचं नाव. सासू घरात खाटेला खिळलेली. पाणी भरायची जुबेदाबीच. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणाला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. मलाही नाही.

एका वर्षी वरून पत्र आलं. ज्या रोजंदारीवाल्यांनी वर्षभर ठरलेले दिवस काम केलं असेल त्यांना कायम करायचं. हजेरीत गोंधळ असेल तर त्याच जागी काम करणाऱ्या दोन कायम कर्मचाऱ्यांनी ‘आम्ही पाहिलं आहे’ असं लिहून सही करायची. त्या वर्षी दिवसाच्या पाळीला कायम दोघीच होतो. अक्का आणि मी.

हे पत्र धुळ्यालाही आलं होतं. तिथे केबलचे खड्डे खणणारे दोन गडी असेच दोन दोन नावांनी राबत होते. आठवडाभर अक्का आणि धुळे त्यावरच भांडत होते. मला एकच बाजू ऐकू येत होती. “सापडेल. का नही सापडनार? तुनं लोकांबद्दल मतच वाईट शे भाऊ... बरं, बोलून उपयोग नाही. तू तिकडे करून बघ, मी इकडे करून बघते. मग बोलू.” मी टाके मोजत होते. हे कशाबद्दल चाललंय हे मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी कागद माझ्यापुढे ठेवला.

“वाच आणि मग सही कर. न वाचता करू नको.”

वाचायची गरज नव्हती. मी म्हणाले, “अक्का, माझ्या बदलीचा अर्ज सुपरवायझरसाहेबांच्याच टेबलावर आहे.”

“माहीत आहे.”

“मुलगा दीड वर्षाचा आहे. धुळ्याला सासूबाईंकडे. शनिवारी गेले की मला बघून रडतो आणि त्यांच्या कडेवर जाऊन गप्प होतो.”

“तेही माहीत आहे.”

“मग?”

“मग काही नाही. त्या पंधरा दिवसांत जुबेदाबी येत होती की नव्हती?”

“येत होती.”

“तेवढंच लिहिलंय.”

“बदली झाली की करते. दोन महिने थांबा.”

“शुक्रवारी पाठवायचाय.”

मी कागद परत त्यांच्याकडे सरकवला. मी हिशोबी बाई आहे, तेव्हाही होते. एका पारड्यात माझा मुलगा होता, दुसऱ्या पारड्यात माठ भरणारी बाई. मला त्यात विचार करण्यासारखं काही दिसलं नाही.

अक्का रागावल्या नाहीत. समजावलंही नाही. अकरा वर्षं एका न पाहिलेल्या माणसाला पटवत बसलेल्या बाईनं शेजारी बसलेल्या माझ्याशी एक वाक्यही वाद घातला नाही. त्यांनी एक वाया गेलेलं तिकीट घेतलं, पाठीवर काहीतरी लिहिलं आणि डब्यात टाकलं. मी पाहिलं. तेव्हा धुळ्याची लाइन लागलेलीही नव्हती, मग हरल्या कुणाशी, असा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही.

अर्ज एका सहीनिशी गेला आणि ‘दुसरी सही नाही’ असा शेरा घेऊन परत आला. तोवर सुपरवायझरनी अक्कांना बोर्डावरून उठवून मागच्या खोलीत जुन्या डिरेक्टऱ्या लावायला बसवलं होतं. तिथे लाइन नव्हती. दुपारी दोन वाजता धुळे विचारायचं, “जळगाव आहेत का?” मी म्हणायचे, “रजेवर आहेत.” हे खोटं होतं.

माझी बदली महिन्याभरात झाली. शेवटच्या दिवशी जुबेदाबीनं माझी पाण्याची बाटली न मागता भरून आणली. “ताई, उधरका पानी कैसा है, मालूम नई. पोराला पहिले दोन दिवस हेच द्या, पोट बिघडत नई.” मी बाटली घेतली. एस्टीत एरंडोल येईपर्यंत ती मांडीवर होती. मुलाला ते पाणी दिलं नाही. पारोळ्याच्या स्टँडवर ओतून टाकलं. पाण्याला काही झालं नव्हतं.

धुळ्याला हजर झाले त्या दिवशी बोर्डावर एक लहानखुरा माणूस बसला होता. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. तो बोलायला लागला आणि मी ओळखलं. एवढा भरदार आवाज एवढ्याशा छातीत कुठे मावत असेल, असं वाटलं.

“जळगावहून आलात? ट्रंकवरून?” तो चटकन उठला. “कशा आहेत त्या? नाव सांगू नका. नियम आहे आमचा.”

“बऱ्या आहेत. त्यांना बोर्डावरून काढलंय.”

“वाटलंच मला. अहो, त्यांना एक सांगायचं राहिलंय. आमचा शेवटचा वाद होता. मी म्हणत होतो, सही करणारा एक वेडा सापडतो, दुसरा सापडत नाही. त्या म्हणत होत्या, शेजारी बसणारा करतो. रोज शेजारी बसणारा माणूस करतोच. म्हटलं, करून बघू. मी माझ्या शेजारच्यापुढे कागद ठेवला. तीन मुलींचा बाप. नाही म्हणेल याची मला शंभर टक्के खात्री होती. त्यानं खिशातलं पेन काढलं.” तो हसला. “दोन्ही गडी कायम झाले. मी हरलो, आणि सांगायला लाइनवर त्या नाहीत.” मग माझ्याकडे नीट बघून म्हणाला, “त्यांच्या शेजारी कोण बसायचं?”

“मी.”

“म्हणजे दुसरी सही तुमची!”

तेवढ्यात बोर्डावर कॉल आला. मी हेडसेट घातला आणि कॉल घेतला. मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. कॉल संपला तेव्हा त्यानं माझ्यासाठी चहा सांगितला होता.

दिवाळीत माहेरी जळगावला गेले तेव्हा अक्कांकडे गेले. धुळ्याचा निरोप दिला, की मुद्दा तुमचा. अक्कांचा चेहरा इतका खुलला की मला खुर्चीत नीट बसवेना. “दोन्ही गडी? दोन्ही कायम?” असं त्यांनी तीनदा विचारलं. मग म्हणाल्या, “आणि इकडचं काय सांगितलंस त्याला?”

“काही नाही.”

“म्हणजे त्याला वाटतंय तू केलीस.”

“हो.”

त्या उठल्या, डबा आणला, तिकिटं चाळली आणि एक काढून माझ्या हातात दिलं. पाठीवर त्यांच्या सरळ अक्षरात लिहिलं होतं, ‘शेजारी बसणारा सही करतोच असं नाही. धुळे.’

“हे त्याला दे,” त्या म्हणाल्या. “तिकडे तो हरला, इकडे मी हरले. दोन्ही त्याला माहीत पाहिजे. न जिंकलेला मुद्दा माझ्या नावावर नको.”

“अक्का, मी कसं सांगू?”

“सांगू नको. नुसतं दे. त्याला वाचता येतं.” आणि थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता, “तू सही केली नाहीस ते तुझं आहे. त्याच्यावर मी कधी बोलणार नाही. हे माझं आहे.”

मी तिकीट पर्समध्ये ठेवलं. धुळ्याला येऊन त्या माणसाच्या शेजारी चार वर्षं बसले. रोज म्हणायचे, आज देऊ. पण तोवर तो नव्या मुलींना माझी ओळख करून द्यायला लागला होता. “ह्या जळगावच्या. वेळ आली तेव्हा ह्यांनी सही केली होती.” मुली आदरानं बघायच्या. एखादी अडचण आली तर माझ्याकडे यायच्या. न कमावलेला मान सवयीचा व्हायला फार दिवस लागत नाहीत. मी त्या आदराला साजेसं वागायलाही लागले. दोन वेळा तर रोजंदारीवाल्यांच्या कागदावर खरोखर सह्या केल्या, आणि त्याचं मला काहीच मोल द्यावं लागलं नाही. ज्या वेळी लागलं असतं, त्या वेळी केली नव्हती, एवढंच.

मग गल्लोगल्ली पिवळे पीसीओ आले, लोक स्वतःच नंबर फिरवायला लागले आणि ट्रंक बोर्ड बंद झाला. तो निवृत्त होऊन साक्रीकडे गावी गेला. निरोपाच्या दिवशी मी पर्स उघडलीसुद्धा होती. त्यानं विचारलं, “जळगावला भेटलात तर सांगाल ना, मी अजून हरलेलोच आहे म्हणून?” मी पर्स बंद केली. “सांगेन,” म्हटलं.

जळगावला बोर्ड गेला तसे माठही गेले, वॉटर कूलर आला. जुबेदाबी नंतर बाजारात बोरं घेऊन बसायची. मी एकदा घेतली. तिनं ओळखलं, मुलाचं विचारलं, आणि वजनापेक्षा मूठभर जास्त घातली. मला नको होती, पण तिनं पिशवीत ओतली होती.

अक्का जाऊन बरीच वर्षं झाली. शेवटच्या भेटीत त्यांनी विचारलं होतं, “दिलंस का?” मी हो म्हणाले. त्या नुसत्या “बरं” म्हणाल्या. त्यांना खरं वाटलं की नाही, मला कळलं नाही. आयुष्यभर माणसाच्या नुसत्या आवाजावरून तो खरं बोलतो की खोटं हे ओळखणारी बाई होती ती.

तिकीट अजून माझ्याकडे आहे. कागद पिवळा पडलाय, अक्षर स्वच्छ आहे. साक्रीकडचं ते गाव कोणतं हे मी कधी विचारलं नाही. नाव तर नियमानंच विचारायचं नव्हतं, चार वर्षं शेजारी बसूनही मी तो एवढा एक नियम सोयीनं पाळला. तेव्हा आता ज्यांना कुणाला हे वाचून तो माणूस ओळखू येईल त्यांनी त्याला, नाहीतर त्याच्या मुलाबाळांना, हे दाखवावं.

धुळे, जळगाव बोलतंय. शेजारणीनं सही केली नव्हती. हा मुद्दा तुमचा.